आधीचा कोण?

१४ फेब्रुवारी
सकाळी १५४/९६. संध्याकाळी १४८/९४.

ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून. "सेन्योर गिल्दार्दो, रोज दोनदा रक्तदाब मोजायचा आणि लिहायचा. त्या दिवशी मनाला काही लागलं असेल तर तेही दोन ओळींत लिहायचं." मी म्हटलं, मला काही लागत नाही, मी लिफ्ट दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, "मग तसं लिहा."

तर आज मनाला काही लागलं नाही. इथे पेरेइरात, बोलिव्हार चौकाजवळच्या इमारतीत लिफ्टच्या तारा बदलल्या. घरी राजमा-भात होता. बायकोचं, यामिलेचं, गाणं शुक्रवारी बाहेर येतंय, त्यामुळे ती घटकाभर खुर्चीला टेकत नाही. नगरपालिकेच्या कलाकेंद्रात ती मुलांना गाणं शिकवते. तिथली एक जुनी विद्यार्थिनी, येसेनिया, मेदेयीनला स्टुडिओ चालवते. यामिले दोन शनिवार तिकडे जाऊन रेकॉर्ड करून आली. एकेचाळिसाव्या वर्षी पहिलं गाणं! मी काही आडकाठी केली नाही. माझी कशालाच आडकाठी नसते.

१५ फेब्रुवारी
१५०/९४.

मी न्याहारीला मक्याचा अरेपा घेऊन बसलो होतो. यामिलेनं मागून येऊन माझ्या कानांना हेडफोन लावले. "बाकीच्यांच्या आधी तू ऐक." ऐकायला लागलो तोच दवाखान्याचा फोन, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलेली. तरी निम्म्याच्या वर ऐकलं असेन. म्हटलं, "छान झालंय. बेस जरा दबलाय."

"बेस," ती म्हणाली. हेडफोन काढून घेतले, वायर गुंडाळली. "अरेपा गार होतोय तुझा."

मी चुकीचं काही बोललो नाही. बेसमधलं मला कळतं. लग्नांत आणि जत्रांत फिरणाऱ्या बँडमध्ये मी सतरा वर्षं बेस गिटार वाजवली. यामिले त्याच बँडची गायिका. महामारीत बँड मोडला आणि मी लिफ्टच्या कंपनीत लागलो. बेस कपाटामागे धूळ खात होती, ती कूबा वस्तीतल्या चर्चला देऊन टाकली. त्यावरून यामिले तीन दिवस बोलली नव्हती. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. घरात जागा तर झाली ना.

१७ फेब्रुवारी
मोजलं नाही.

गाणं आलं. 'मला आधीचाच हवा' असं नाव. आमची मुलगी मानुएला सोळा वर्षांची आहे, तिनं शाळेतूनच मला पाठवलं. इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत बसून ऐकलं. शब्द लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला कुणी वेडा म्हणायला नको.

शर्ट निळा होता, गिटार बसमध्येच राहिली,
माझ्यासाठी संत्री आणायला तू घाटात उतरलास.

पुढे,

पलंगाखाली बूट आहेत, बुटांत तो नाही.
कुणी पाहिलात का, कुठे गेला?
मला आधीचाच हवा.

दुसऱ्या कडव्यात तो भर बाजारात गुडघ्यावर बसून कोबी विकणाऱ्या बाईला गाणं म्हणून दाखवतो, वगैरे. तिथे मी बंद केलं.

निळा शर्ट आणि गिटार. आमच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा तो एव्हेलिओ. गायचाही. निळ्याशिवाय दुसरा शर्ट त्याच्या अंगावर मी पाहिला नाही. माझ्याआधी यामिले सहा-सात महिने त्याच्याबरोबर फिरत होती, हे सगळ्या बँडला ठाऊक होतं. पुढे तो स्पेनला गेला, आता परत आलाय, मानिसालेसला अरेप्यांची गाडी लावतो. आधीचा म्हणजे हाच आधीचा, दुसरा कोण?

सालामिनाच्या जत्रेला जातानाचा तो बसचा किस्सा मलाही आठवतो. बस वळणावर थांबली होती, कोणीतरी संत्री घ्यायला उतरला आणि ड्रायव्हरनं गाडी सोडली. आठवडाभर हसत होतो सगळे. असले उद्योग एव्हेलिओच करायचा. मला मात्र त्या संध्याकाळी पायाला फोड आले होते, उभं राहून वाजवता येईना. नवे बूट असणार.

१९ फेब्रुवारी
१६०/९८.

विचारलं. भांडी विसळता विसळता, सहज विचारावं तसं. "गाण्यातला तो कोण?"

तिनं नळ बंद केला. "तुला कोण वाटतो?"

"मी काय सांगणार? गाणं तुझं."

तिनं ओले हात फडक्याला पुसले. मग म्हणाली, "तुलाच कळत नसेल तर मी काय सांगू, गिल्दार्दो?"

म्हणजे कबूलच केलं.

३ मार्च
सकाळी पावणेदहाला धरणीकंप झाला. छोटासाच, पण लिफ्टा आपोआप थांबतात. एका बँकेच्या इमारतीत चौथ्या-पाचव्याच्या मधे पाच बायका अडकलेल्या. मी आणि फाबेर गेलो. फाबेर माझा जोडीदार, साठीला टेकलाय, तोंड बंद ठेवायची सवय त्याला आईनं लावलीच नाही.

दाराला कान लावला तर आतून गाणं! फोनवर तेच लावलेलं, आणि पाचही जणी गळा काढून गातायत, "मला आधीचाच हवाऽऽ". मी किल्ली घातली, दार ओढलं, एकेकीला हात देऊन वर घेतलं. त्यातली एक जाडशी बाई माझा हात सोडेचना. "काय माणूस असेल हो तो! घाटात उतरला, संत्र्यांसाठी! आमच्या नशिबी असला कुठला."

फाबेर म्हणाला, "बाई, हे त्या गायिकेचे यजमान."

पाचही जणींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ग्रीसनं भरलेले हात, खिशाला कंपनीचं नाव. एक जण म्हणाली, "अच्छा." बस, एवढंच. पण जे काही म्हणायचं ते त्यात आलं.

११ मार्च
१५८/१००. वरचा नव्हे, खालचा आकडा शंभर! डॉक्टरीणबाईंना दाखवायचा की नाही, विचार चालू आहे.

पेरेइरात गाणं ऐकू येत नाही अशी जागा राहिली नाही. टॅक्सीत, कसायाकडे, दाताच्या डॉक्टरकडे. बायकांनी व्हिडिओचं नवीन खूळ काढलंय. आधी नवऱ्याचा जुना फोटो दाखवायचा, लग्नात नाचतानाचा किंवा मोटरसायकलवरचा. मग आत्ताचा, सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरतानाचा. खाली यामिलेचं गाणं.

फाबेरच्या बायकोनंही केला. तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवत होता, लाज म्हणून नाही. "बघ, बघ, हा पोट नसलेला मी! बायको म्हणते, आधीचा म्हणजे मीच."

"तुझ्या बायकोला गाणं कळलेलं नाही," मी म्हटलं. "ते जुन्या प्रियकरावर आहे."

फाबेर चावायचा थांबला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. माझ्या घरातलं गाणं आहे."

तो काही बोलला नाही. फाबेर काही बोलला नाही, ही गोष्ट वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे. लोक शब्द ऐकत नाहीत, नुसती चाल ऐकतात, हेच खरं.

२० मार्च
गाणं देशात पहिल्या नंबरावर. येसेनिया मेदेयीनहून केक घेऊन आली, शेजारी आले, मानुएलानं फुगे लावले. यामिले हसत होती, पण मधेच येऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. "तुला बरं वाटतंय का?"

"का नाही वाटणार? अभिनंदन."

"अभिनंदन," ती म्हणाली. दवाखान्यात नर्सनं रक्तगट सांगितल्यावर आपण तो परत म्हणून बघतो, तसं.

एप्रिलच्या शेवटी दौरा आहे. इक्वादोर, मग पेरू. आठ आठवडे. येसेनियानं हळूच विचारलं, "सेन्योर गिल्दार्दो, बेससाठी अजून कुणी ठरलेलं नाहीये..."

मी म्हटलं, "मेदेयीनला तरणी पोरं पुष्कळ मिळतील."

यामिले केक कापत होती. तिची सुरी एक क्षण थांबली आणि मग चालू झाली. तिला बरंच वाटलं असणार. नवरा बरोबर नको असेल. कशाला हवा?

२४ मार्च
आज मी जे केलं ते लिहायला हात वळत नाही. पण ही वही कुणी वाचणार नाही.

सकाळी रेडिओवर गप्पांचा कार्यक्रम असतो, तिथे आठवडाभर एकच विषय, 'आधीचा कोण?' लोक फोन करून काहीही सांगतात. कोणी म्हणे फुटबॉलपटू, कोणी म्हणे पाद्री. गाडीत एकटाच होतो. फोन लावला. किनाऱ्यावरच्या, बारांकियाकडच्या माणसासारखा आवाज काढला, शब्दांची शेपटं खाऊन. सांगितलं की मी त्या बँडला जवळून ओळखायचो, माणसाचं नाव एव्हेलिओ, मानिसालेसला अरेपे विकतो, बायकोमुलं टाकून स्पेनला पळालेला, एक नंबरचा नालायक. निवेदिका नुसती चित्कारत होती. मला थांबवेचना. चालीबद्दल, वाद्यांबद्दलही बोललो.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटं गाडी चालवता आली नाही. एव्हेलिओला बायकोमुलं कधी नव्हतीच.

२८ मार्च
रेडिओवाल्यांनी एव्हेलिओला शोधून काढला. नाकारायचं सोडून तो म्हणतो, "मी काय बोलू? बाईंनाच विचारा." आणि हसतो. माणसाला लाज नाही.

यामिले घरात माझ्याशी नेहमीसारखीच बोलते. मीठ दे, मानुएलाला घेऊन ये, नळवाला येणार आहे. पण मी खोलीत आलो की बोलता बोलता थांबते. आज कलाकेंद्रातून आल्यावर पर्स टेबलावर ठेवून तिनं विचारलं, "रेडिओवर तो कोणी फोन केला, ऐकलास तू?"

"ऐकला."

"काय वाटलं?"

"लोकांना उद्योग नाहीत."

"खरंय," ती म्हणाली. स्वतःपुरतीच कॉफी केली. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिनं एकच कप काढला.

५ एप्रिल
ईस्टरआधीचा पवित्र आठवडा. मिरवणूक दारावरून गेली, मी बाहेर आलो नाही. यामिले तालमींसाठी मेदेयीनला गेलीय. मानुएला माझ्यासमोर बसून मासे खात होती. अचानक म्हणाली, "पपा, तू कधीतरी कुणासाठी काही वेड्यासारखं केलंयस का?"

"मला वेळ कुठे होता? मी कामं करत होतो."

"आई तर म्हणते..."

"आई काय म्हणते?"

"काही नाही." काटे काढत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दोघं मला फार थकवता."

१५ एप्रिल
मानिसालेसला जाऊन आलो. डोकं ठिकाणावर नाही, तरी सगळं क्रमानं लिहितो.

मनाशी ठरवून गेलो होतो की त्याची गाडी उलटून टाकायची. चिप्रेला, जिथून सगळी दरी दिसते, तिथे त्याची गाडी. लांबूनच गर्दी दिसली. वर फळा, 'आधीचा तो मीच!' पोरी फोटो काढून घेतायत, हा निळा शर्ट घालून, पोट आत ओढून उभा. डोक्यावर केस नावाला.

मला पाहिलं आणि हात पसरून ओरडला, "गिल्दार्दो! अरे लेका, ये, ये! तुझ्या बायकोनं माझं दुकान चालवलं!"

मी म्हटलं, "फळा उतरव."

"का? चिडतोस काय? गंमत आहे. कुणीतरी रेडिओवर माझं नाव घेतलं, देव त्याचं भलं करो. आधी दिवसाला चाळीस अरेपे जायचे..."

"माझ्या बायकोबरोबर तुझं जे होतं ते होतं. पण गावभर..."

त्यानं उलथनं खाली ठेवलं. पोरींना म्हणाला, "पाच मिनिटं थांबा गं." मला गाडीमागे ओढत नेलं.

"तुला खरंच वाटतं, ते गाणं माझ्यावर आहे?"

"निळा शर्ट. गिटार. घाट. संत्री."

"गिल्दार्दो," तो म्हणाला, "बस सुटली तेव्हा मी तुझ्या मागच्या सीटवर बसलो होतो. तुझी ती मरतुकडी बेस सालामिनापर्यंत माझ्या मांडीवर होती. अकरा किलोमीटर चालत आलास तू! पोत्यात संत्री घेऊन, घामानं निथळत. शर्टही माझाच होता. तुझ्यावर कॉफी सांडली म्हणून मीच दिला होता. परत दिला नाहीस."

मी म्हटलं, "गाण्यात गिटार आहे."

"बेस म्हटलं तर चालीत बसेल का, गाढवा?"

दरीकडे तोंड करून मी उभा राहिलो. तो आणखी बोलतच होता. बाजारातल्या त्या कोबीवालीचं नावही त्याला पाठ. मी गुडघ्यावर बसून गायलो होतो, कारण तिनं यामिलेला किडका कोबी दिला होता आणि बदलून देत नव्हती. "बदलून दिला आणि वर एक फुकट दिला," एव्हेलिओ म्हणाला. "तुझा आवाज असा बेसूर की तिला दया आली."

"मला यातलं आठवत नाही."

"मला आठवतं. कारण त्या संध्याकाळी यामिले पहिल्यांदा तुझ्याकडे बघून गायली. मी शेजारी गिटार घेऊन उभा. म्हटलं, आपलं इथे आटोपलं."

त्यानं मला एक अरेपा दिला, चीज घातलेला. मी खाल्ला. रेडिओचा फोन माझा होता हे त्याला सांगितलं. तो इतका हसला की ठसका लागला. "बायकोमुलं टाकून पळालेला! माझी आई अजून रडतेय!"

फळा उतरवला मात्र नाही.

१६ एप्रिल
दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. वाटलं होतं, कळल्यावर बरं वाटेल. उलट झालंय. काल सकाळपर्यंत माझा शत्रू मानिसालेसला होता, टकला, पोट सुटलेला. त्याला मी हरवला असता. आता ज्याच्याशी गाठ आहे त्याला घाटात चालताना श्वास लागत नाही, तो अनोळखी बायकांपुढे गुडघे टेकतो, आणि माझ्या बायकोला तोच हवाय. मी आरशात पाहिलं. त्याचं काहीही माझ्याकडे नाही. कान असतील कदाचित.

आणि तो गेला कधी? बँड मोडला त्या दिवशी? बेस चर्चला दिली त्या दिवशी? मी कुठे त्याला निरोप दिल्याचं आठवत नाही.

२२ एप्रिल
उद्या यामिले जाते. पलंगावर दोन बॅगा उघड्या. मी दारात उभा राहून म्हटलं, "रेडिओवर फोन मी केला होता."

"माहीत आहे." ती मोजे गुंडाळत होती. "बारांकियाच्या कुठल्या माणसाला माझ्या गाण्यातला बेस दबलेला वाटणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी सगळ्या देशासमोर तुला हाका मारत होते, आणि तू त्या हाका दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवल्यास." ती रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. "घरात सांगायचा किती प्रयत्न केला. तू म्हणायचास, मी ठीक आहे. बेस देऊन टाकलीस, म्हणालास जागा झाली. मग मायक्रोफोनला सांगितलं."

"मी एव्हेलिओकडे जाऊन आलो. आता कळलंय."

"एव्हेलिओनं सांगितल्यावर," ती म्हणाली.

मी म्हटलं, "यामिले, तो माणूस मी कुठे ठेवला, मलाच माहीत नाही. तू परत येशील तेव्हा मी असाच असेन. त्याची भीती वाटते."

ती पलंगाच्या कडेला बसली. बॅगेची चेन उघडझाप करत राहिली. "एकवीस मेला इक्वादोरला, कीतोत कार्यक्रम आहे, रविवारी दुपारी. जमलं तर ये. नाही जमलं तर कारणं सांगायला फोन करू नकोस. कारणं मला पाठ आहेत."

३ मे
मानुएला मावशीकडे जेवते, मी उभ्यानं जेवतो. आज दोन लिफ्टा, दोन्हीत चूक केली. फाबेरनं माझ्या हातातून पाना काढून घेतला. "तीन वर्षांत एक सुट्टी घेतली नाहीस. साहेबांकडे जा, नाहीतर मी तुला शाफ्टमध्ये ढकलून देईन आणि अपघात म्हणून लिहीन."

गेलो नाही. साहेब जेवायला गेले होते.

१२ मे
साहेबांकडे गेलो. रजा म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला बरं नाही का?"

"नाही," मी म्हटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी तसं सांगितलं.

२० मे
पास्तोच्या बसस्थानकावर बसून लिहितोय. मानुएला मावशीकडे राहिलीय. दरड पडल्यामुळे गाडी चार तास उशिरा. काली शहरापासून शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती, कोंबडीला माझा राग होता.

खरं लिहायचं तर मघाशी मी परतीच्या तिकिटाच्या रांगेत उभा होतो. दहा-बारा मिनिटं. काय म्हणून जातोय मी? तिकडे जाऊन तिला काय दाखवणार? पुढचा माणूस खिडकीपाशी हुज्जत घालत होता, रांग हलेना. मग सरहद्दीच्या गाडीचा पुकारा झाला आणि पायच तिकडे वळले. ठरवून नाही. ठरवायला गेलो असतो तर रांगेतच राहिलो असतो.

२१ मे, कीतो
दुपारी पोचलो. उंचीमुळे दोन पावलं टाकली की धाप. क्रीडागाराच्या मागच्या दाराशी गेलो, ओळखपत्र दाखवलं, म्हटलं मी गायिकेचा नवरा. दारावरचा माणूस म्हणाला, "काका, सकाळपासून तुम्ही तिसरे." यामिलेचा फोन बंद. शेवटी पुढच्या बाजूला जाऊन तिकीट काढलं आणि गर्दीत उभा राहिलो.

ती आली. पांढरा साधा सदरा. इतकी लहान दिसत होती, आणि आवाज इतका मोठा. बेसवर एक मुलगी होती, फार चांगली वाजवत होती. आठ-नऊ गाणी झाली, जुनी, आमच्या बँडच्या दिवसांतलीसुद्धा. आणि मग ते.

मी हे गाणं लिफ्टमध्ये ऐकलं, कसायाकडे ऐकलं, पण कुठेच पूर्ण ऐकलं नव्हतं. दरवेळी मधेच बंद केलं होतं किंवा कुठेतरी निघून गेलो होतो. आज निघायला जागा नव्हती. पुढेमागे माणसंच माणसं. सगळे गात होते. माझ्या शेजारी विशीतला एक मुलगा डोळे मिटून गात होता. याच्या आयुष्यात आधीचं म्हणण्यासारखं काय असणार? तरी गात होता. पलंगाखाली बूट आहेत, बुटांत तो नाही. मी माझ्या बुटांकडे बघितलं. आणि मला तो घाट आठवला. एव्हेलिओनं सांगितला तसा नाही. मला पोत्याचं ओझं आठवलं, उजव्या खांद्यावर, आणि बस दिसेनाशी झाल्यावर मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून एकटाच हसलो होतो, ते हसू. मी तोंडावर हात धरून रडलो. त्या मुलानं मला रुमाल दिला.

मागच्या दाराशी उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा ऊन अजून होतं. मला पाहून जागच्या जागी थांबली.

"कधी आलास?"

"दुपारी. आत सोडेनात. तिकीट काढलं."

ती हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. "ऐकलंस?"

"सगळं."

"मग?"

वाटेत मी बोलायच्या गोष्टी ठरवल्या होत्या. एकही आठवली नाही. म्हटलं, "यामिले, मलाही तो हवाय गं. मलाही त्याची फार आठवण येते."

तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली, नुसती बाही. एक बातमीदार पोरगी मागून धावत आली, "मॅडम, हेच का ते, आधीचे?" यामिले मागे न बघता म्हणाली, "हे माझे यजमान. यांना भूक लागलीय."

कोपऱ्यावर बटाट्याचं सूप खाल्लं. मला दोनदा घेतलं. ती दौऱ्यातल्या तक्रारी सांगत होती, गादी टणक, ड्रायव्हर जोरात चालवतो, ढोलवाला बूट काढून बसतो. मी ऐकत होतो. मधेच म्हणाली, "उद्या सकाळी गाडी आंबातोला निघते. ढोलवाल्याच्या शेजारची एक जागा रिकामी आहे. का रिकामी आहे ते कळलंच असेल."

२२ मे
सात वाजता हॉटेलच्या पायरीवरून साहेबांना फोन केला. म्हटलं, आज रजा संपते, पण मी येत नाही.

"अजून किती दिवस, गिल्दार्दो?"

"माहीत नाही, साहेब."

"म्हणजे काय? मी काय लिहू इथे?"

मी म्हटलं, तसंच लिहा. यामिले गाडीतून हात करत होती. फोन चालू असतानाच मी पायऱ्या उतरायला लागलो.